मतदार उंबरठ्यापाशी येतो तेव्हा

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



निवडणुकीच्या कामासाठी प्राथमिक शिक्षकाला जे प्रशिक्षण मिळते, त्याचा बहुतेक भाग यंत्रे, मोहरा, पाकिटे आणि नमुने यांनी व्यापलेला असतो. तसे असणे स्वाभाविकच आहे. अभिरूप मतदानात नोंदलेली मते यंत्रातून पुसावयाची राहिली, तर साऱ्या दिवसाचा हिशेब चुकतो आणि त्याचा जाब केंद्राध्यक्षाला द्यावा लागतो. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो मतदार त्या प्रशिक्षणात यादीतील एक अनुक्रमांक म्हणून येतो व तसाच निघून जातो. म्हणून या भाषणात मतदान केंद्राकडे टेबलाच्या आतल्या बाजूने न पाहता बाहेरच्या बाजूने पाहण्याचा विचार आहे. मतदाराला त्या खोलीत काय दिसते, काय ऐकू येते आणि कशाची भीती वाटते, हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे पुस्तिकेतील पुष्कळसे नियम पाठ न करताही समजू लागतात.

एक मतदार डोळ्यांपुढे आणावा. साठी उलटून पुष्कळ वर्षे झालेली, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी, अक्षरओळख नसलेली एक विधवा. तिला नाव देण्याचे कारण नाही. गावातील लहानथोर तिला आजी म्हणतात, तेवढे पुरे. मतदानाच्या दिवशी ती सकाळची कामे उरकून, धुतलेले लुगडे नेसून, पदराच्या गाठीला ओळखपत्र बांधून शाळेकडे निघते. वाटेत दोघेतिघे तिला हटकतात, कोणते चिन्ह ध्यानात ठेवावयाचे ते पुनःपुन्हा सांगतात. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला कायद्याने बंदी आहे. त्या हद्दीपर्यंत चिन्हांची नावे तिच्या कानांवर पडत असतात, आणि हद्दीच्या आत पाऊल टाकताच एकदम शांतता होते. ही शांतता तिला दिलासा देते की दरारा, हे मात्र आत बसलेल्या माणसांवर अवलंबून आहे.

शाळेची खोली शिक्षकाच्या रोजच्या परिचयाची असते. गाव दुसरे असले तरी फळा तोच, बाराखडीचा तक्ता तोच, खडूची पांढरी धूळही तीच. आजीला मात्र ती खोली परकी आहे. तिची नातवंडे तेथे शिकली असतील. ती स्वतः कधी त्या फळ्यासमोर बसलेली नाही. दारात शिपाई उभा, आत चार अनोळखी माणसे कागद पसरून बसलेली. टेबल, कागद आणि सरकारी माणूस अशी तिन्ही एकत्र तिने आजवर जेथे जेथे पाहिली, तेथून तिला बहुधा ‘उद्या या’ असेच ऐकून परतावे लागले आहे. वारसाची नोंद असो, शिधापत्रिका असो, निराधारांचे अनुदान असो, एका खेपेत काम झाले असे तिला क्वचितच आठवते. त्यामुळे रांगेत उभी राहतानाच तिच्या मनाने परत पाठविले जाण्याची तयारी केलेली असते. शिक्षकाच्या आवाजातील किंचितशी चढ तिला पुरेशी होते. ‘यादीत नाही, बाजूला व्हा’ एवढे शब्द ऐकले की ती वाद घालीत नाही. पदर सावरते आणि चालू लागते.

पहिला प्रश्न नावाचा. हा प्रश्न विचारणाऱ्याला सोपा वाटतो, पण आपल्या खेड्यांत तो तितकासा सोपा नाही. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि ज्या नावाने सारे गाव हाक मारते ते तिसरेच. यादीत पतीचे नाव छापलेले असते, आणि जुन्या वळणाच्या पुष्कळ स्त्रिया पतीचे नाव उच्चारीत नाहीत. उखाण्यात घ्यावयाचे नाव परक्या पुरुषांसमोर, रांगेतील लोक ऐकत असताना कसे घ्यावे, असा त्यांना संकोच पडतो. अशा वेळी ‘नवऱ्याचं नाव सांगा, नाहीतर मत नाही’ असे दरडावणे म्हणजे नियमाचा अर्थ न कळल्याचे लक्षण होय. ओळख पटविणे हा नियमाचा हेतू आहे, नाव वदवून घेणे हा नव्हे. ‘आजी, आपलं नाव काय?’ असे विचारून, तिने स्वतःचे नाव सांगितल्यावर यादीतील पतीचे नाव शिक्षकाने वाचावे व तिने मान हलवावी. ओळखपत्र समोर आहेच. नावाच्या छपाईतील किरकोळ चुका, काना-मात्रेचा फरक, वयातील एखाद्या वर्षाची तफावत यांसाठी ओळख पटलेल्या मतदाराला परत पाठवावयाचे नसते, ही निवडणूक आयोगाची सूचना स्पष्ट आहे.

या नावाच्या प्रश्नाला इतिहासही आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा देशाच्या काही भागांत, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगण्याचे नाकारले. त्यांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. नावे सांगण्यास मुदत वाढवून दिली गेली, तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर यादीतून वगळावी लागली. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत त्या मत देऊ शकल्या नाहीत. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण विचाराअंती योग्यच म्हणावा लागतो. जी नागरिक मत देणार ती कोणाची कोण म्हणून नव्हे, तर स्वतः म्हणून देणार, हे तत्त्व त्यात होते. मात्र त्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. ज्या शिक्षकांकडे आज मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून यादीचे काम येते, त्यांनी घरोघर फिरताना त्या २८ लाखांची आठवण ठेवावी. दारात उभ्या असलेल्या पुरुषाने घरातील बायकांची नावे घाईघाईने सांगितली की ती तशीच उतरवून घेण्याचा मोह होतो. त्या घाईचे फळ पुढे मतदानाच्या दिवशी एखाद्या आजीला रांगेत भोगावे लागते.

नाव मिळाले की पहिला मतदान अधिकारी अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. हे वाचन मतदारासाठी नसून प्रतिनिधींसाठी असते. मतदान पथकातील माणसे परगावची असतात. ती मतदाराला ओळखीत नाहीत. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी मात्र गावचेच असतात, आणि तोतया आला तर तो त्यांच्याच ध्यानात येण्याचा संभव अधिक. प्रतिनिधीला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो व केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय द्यावयाचा असतो. म्हणून नाव पुटपुटू नये. काही केंद्रांवर दुपारनंतर कंटाळ्याने नावाऐवजी नुसता आकडा उच्चारला जातो. ज्या चुकीचे वर्णन आता येत आहे, ती बहुधा अशाच वेळी घडते.

समजा, आजीचे नाव वाचले गेले आणि यादीच्या चिन्हांकित प्रतीत त्या नावावर आधीच रेघ मारलेली निघाली. म्हणजे तिच्या नावाने कोणीतरी मत देऊन गेले आहे. तिची डावी तर्जनी कोरी आहे, ओळखपत्र तिचेच आहे, प्रतिनिधींपैकी दोघे तिला जन्मापासून नाही तरी लग्न होऊन आल्यापासून ओळखतात. ‘माझं मत कुणी टाकलं, गुरुजी?’ असे ती विचारते. रांग मागे वाढत चाललेली आहे, उन्हाचा कडाका आहे, आणि केंद्राध्यक्ष आदल्या रात्री याच खोलीच्या फरशीवर झोपून पहाटेपासून एका चहावर उभा आहे. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. अशा क्षणी सर्वांत सोपे उत्तर ओठांवर येते : ‘आजी, तुमचं मत झालेलं आहे, आता काही करता येत नाही.’

हे उत्तर खोटे आहे. काही करता येते, आणि ते केलेच पाहिजे. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतील ४९-त या कलमाखाली अशा मतदाराला प्रदत्त मत देण्याचा हक्क आहे. केंद्राध्यक्षाने तिला ओळखीसंबंधी प्रश्न विचारावेत, समाधानकारक उत्तरे मिळाली की तिला यंत्रावर न पाठविता एक कागदी मतपत्रिका द्यावी. तिच्या मागच्या बाजूला ती प्रदत्त मतपत्रिका असल्याचे नोंदलेले असते. यासाठी वेगळी यादी आहे. तिच्यावर आजीचा अंगठा घ्यावा. मग बाणफुलीचा शिक्का घेऊन आजी मतदान कक्षात जाते, आपल्या पसंतीच्या चिन्हावर तो उमटविते, घडी घालते आणि ती घडी केंद्राध्यक्षाच्या हाती देते. ती यासाठी असलेल्या स्वतंत्र पाकिटात जाते. या साऱ्याला पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. रांगेतील लोकांना कारण सांगितले तर ते कुरकुरतात, पण थांबतात. आपल्याही बाबतीत असे घडू शकले असते, हे खेड्यातील माणसाला लगेच कळते.

यानंतर आजीने विचारले की, ‘हे मोजतील ना?’ तर काय सांगावे? येथे शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी आहे. मतमोजणीच्या दिवशी प्रदत्त मतपत्रिकांचे पाकीट उघडले जात नाही. ते मोहरबंदच राहते. निवडणुकीसंबंधी न्यायालयात अर्ज झाला व न्यायालयाने तसे ठरविले, तरच त्या मताचा विचार होतो. हे तिला सोप्या शब्दांत सांगावे. ‘आज मोजणार नाहीत आजी, पण जपून ठेवतील, निकाल अगदी काट्यावर आला तर न्यायाधीश बघतील.’ तिला वाईट वाटेल, आणि वाटणे रास्तच आहे. गोड खोटे सांगून तिला आनंदाने घरी पाठविण्यापेक्षा हे वाईट वाटणे बरे. कारण सरकारी टेबलामागील माणसाने निदान एकदा तरी तिच्याशी सरळ बोलणे केले, एवढे तरी त्यातून तिला उमगते.

निकाल काट्यावर येतो, ही केवळ बोलण्याची रीत नव्हे. २००८ साली राजस्थान विधानसभेच्या नाथद्वारा मतदारसंघात विजयी उमेदवार कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६ आणि पराभूत उमेदवार सी. पी. जोशी यांना ६२,२१५ मते पडली. अंतर एका मताचे. जोशी न्यायालयात गेले, आणि त्या खटल्यात वादाचा मोठा विषय होता तो याच प्रदत्त मतांचा. तो २०११ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. त्याआधी २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी येथेही विधानसभेची जागा एका मताने गेली होती. नाथद्वाऱ्याच्या केंद्रांवरील अध्यक्षांनी त्या मतदारांना हात हलवीत परत पाठविले असते, तर न्यायाधीशांपुढे विचारार्थ ठेवण्यासारखे काही उरलेच नसते.

आता मतदान कक्षाकडे वळू. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे मतदार काही क्षण एकटा असतो. खेड्यातील माणसाच्या, त्यातही स्त्रीच्या आयुष्यात असे एकटेपण किती दुर्मिळ असते, याचा विचार फारसा होत नाही. घरात सासू-सुना, शेतात मुकादम, चावडीवर भाऊबंद. कोणतीही निवड ती चारचौघांच्या डोळ्यांदेखत करते. येथे मात्र कोणी पाहत नाही. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आडोशामागे ठेवलेली असे आणि मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकीत असे. पुढे शिक्का आला, १९८२ साली केरळातील परवूर येथे प्रथम यंत्र वापरले गेले, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून सर्व देशभर यंत्रच आले. पेटी गेली, कागद गेला. आडोसा तेवढा कायम राहिला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते, तरी ते लोक चिन्ह पाहून मत देऊन गेले, हे ज्यांना निरक्षर मतदाराचा कंटाळा येतो त्यांनी ध्यानी घ्यावे.

निरक्षर आहे एवढ्याच कारणाने मतदाराबरोबर कोणालाही आत पाठविता येत नाही. अंध किंवा शारीरिक दौर्बल्यामुळे स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदारालाच सोबती घेता येतो. तो अठरा वर्षांहून लहान नसावा, आणि त्याच दिवशी त्याने दुसऱ्या कोणाचा सोबती झालेला नसावे. गावातील एखादा उत्साही कार्यकर्ता सकाळपासून चार म्हाताऱ्यांचे हात धरून आणतो व ‘हिला दिसत नाही’ असे म्हणतो, तेव्हा हा दुसरा नियम मोठा उपयोगी पडतो. ज्या मतदाराला यंत्र समजत नाही, त्याला पुठ्ठ्याच्या नमुन्यावर, कक्षाच्या बाहेर, सर्वांसमक्ष दाखवावे. त्या नमुन्यावर खऱ्या उमेदवारांची नावे वा चिन्हे नसतात. आजी आत जाऊन गोंधळली आणि फार वेळ लागला, तर केंद्राध्यक्षाला आत जाता येते, परंतु प्रतिनिधींची इच्छा असल्यास त्यांनाही बरोबर येऊ द्यावे लागते. चांगल्या हेतूनेही एकट्याने आत डोकावू नये. आत गेलेला माणूस कोणत्या हेतूने गेला, हे बाहेर बसलेल्यांना दिसत नाही. तो गेला एवढेच दिसते, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट शेजारच्या वाडीपर्यंत पोचते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हा घोटाळा अधिक होतो, कारण तेथे एका प्रभागात एकाहून अधिक जागा असतात व मतदाराला तितकी बटणे दाबावी लागतात. एक दाबून परत फिरणारा मतदार मूर्ख नसतो; त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

आजीच्या मनात आणखी एक भीती असते, ती ती बोलून दाखवीत नाही. आपण कोणाला मत दिले ते मोठ्या वाड्यावर कळेल, अशी. यावर ‘छे, काही कळत नाही’ असे सांगून मोकळे होणे बरोबर नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. तिचे स्वतःचे मत कोणालाही कळत नाही, हे नक्की. कोणत्याही मतदाराला त्याने कोणाला मत दिले हे सांगण्यास न्यायालयही भाग पाडू शकत नाही, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याचे कलम ९४ सांगते. आणि गुप्तता फोडणाऱ्या मतदान कर्मचाऱ्याला कलम १२८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण यंत्रांची मोजणी केंद्रवार होते, आणि एखाद्या वस्तीने एकूण कोणाकडे कौल दिला हे निकालाच्या दिवशी आकड्यांवरून सर्वांना दिसते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशी जोडणी करण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, विधी आयोगाने २०१५ साली त्याला अनुकूल मत दिले, पण तो अमलात आलेला नाही. तेव्हा आजीची भीती अगदीच निराधार नव्हे. शिक्षकाने तिला एवढेच सांगावे की, ‘तुमचं मत तुमच्याजवळ, वस्तीचा आकडा दिसतो, माणूस दिसत नाही.’

शाईसंबंधी थोडेसे. राबणाऱ्या हाताचे बोट तेलकट वा मातीने माखलेले असते. ते फडक्याने पुसून मग शाई लावावी, नाहीतर ती बसत नाही. पुसताना बोट हातात घ्यावे लागते. हे काम काहीजण तोंड वाकडे करून करतात, हे अनुभवास येते. त्या वाकड्या तोंडाची आठवण मतदाराला शाईपेक्षा अधिक काळ राहते.

मतदानाची वेळ संपते तेव्हा रांग उरलीच असेल, तर केंद्राध्यक्षाने स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या वाटाव्यात; त्याची सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून करावयाची असते. पहिल्यापासून वाटू लागल्यास वाटप होईपर्यंत मागे नवी माणसे येऊन उभी राहतात. ज्या कोणी हा नियम लिहिला त्याला रांगेची चांगली ओळख असली पाहिजे. चिठ्ठी हाती असलेला प्रत्येकजण, कितीही वेळ लागो, मत देऊनच जाईल.

मग दारे लागतात, यंत्र बंद केले जाते आणि नमुना १७-ग मध्ये दिवसाचा हिशेब भरावयास घेतात. केंद्राकडे नेमून दिलेले मतदार किती, नोंदवहीत सह्या-अंगठे किती, यंत्रात मते किती. त्यातच प्रदत्त मतपत्रिका किती मतदारांना दिल्या, यासाठीही जागा आहे. बहुतेक केंद्रांवर तेथे शून्य लिहिले जाते. ज्या केंद्रावर आजी आली होती, तेथे एक लिहावा लागतो, आणि त्या आकड्यासह नमुन्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती पडते.